वैद्यकज्ञानाच्या दारावर पहारा कोणाचा?

आपल्याकडील पुष्कळ गावांत असे एखादे घराणे असे, आणि काही ठिकाणी अजूनही आहे, की ज्याच्याजवळ काविळीचे किंवा मूळव्याधीचे हमखास औषध असल्याची ख्याती पंचक्रोशीत पसरलेली असते. ठराविक वारी, पहाटेच्या अंधारात, वाटेत कोणाशीही न बोलता रानात जावयाचे, कोणती तरी मुळी उपटून आणावयाची आणि ती रोग्यास द्यावयाची, इतके लोकांस ठाऊक असते. मुळी कोणती, हे मात्र घरातील वडील पुरुषाखेरीज कोणासही ठाऊक नसते. विचारलेच तर 'सांगितले म्हणजे गुण जातो' हे उत्तर ठरलेले. यांपैकी बहुतेक घराणी औषधाचा पैसा घेत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या पदरी घातलीच पाहिजे. परंतु पैसा न घेणारा हा दाता एक दिवस अकस्मात मरण पावतो. आणि ती मुळी खरोखर गुणकारी होती की नव्हती याचा निर्णय लागण्यापूर्वीच तिचे ज्ञान त्याच्याबरोबर सरणावर जाते.

या समजुतीस हसण्याचा अधिकार पाश्चात्य वैद्यकासही फारसा नाही. सतराव्या शतकात इंग्लंडात चेंबरलेन नावाच्या घराण्याजवळ अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारा चिमटा होता. तो ते पेटीत झाकून नेत, बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधीत, नातलगांस खोलीबाहेर काढीत; आणि ही गुप्तता त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शंभर वर्षांहून अधिक काळ पाळली. पुढे १८१३ साली एसेक्स परगण्यात त्या घराण्याच्या जुन्या वाड्यातील तक्तपोशीखाली ती हत्यारे सापडली. ज्या काळात ती पेटीत बंद होती त्या काळात किती माता आणि किती अर्भके दगावली असतील, याची गणती कोणी ठेविलेली नाही.

बरे करण्याची विद्या ज्यास अवगत झाली त्याने ती झाकून ठेवावी काय, असा प्रश्न आज कोणी केला तर कोणीही विचारी मनुष्य तत्काळ 'नाही' म्हणेल. येथवर वाद नाही. परंतु हाच प्रश्न वेष पालटून पुन्हा आपल्यापुढे उभा राहतो. शोधकाने आपला शोध मोकळेपणाने सांगून टाकला. तो तपासला गेला, छापला गेला. परंतु ज्याने छापला त्याने छापील पानांस कुलूप घातले आणि किल्लीची किंमत सांगितली, तर त्याचे वर्तन चेंबरलेन घराण्याच्या वर्तनाहून निराळे मानावयाचे की नाही? की छपाईचा खर्च करणाऱ्यास आपला माल विकण्याचा जो हक्क सर्वत्र मान्य आहे तोच येथेही मान्य करावयाचा? वैद्यकीय नियतकालिकांच्या प्रकाशनाचा इतिहास पाहू लागले म्हणजे हा प्रश्न पावलोपावली आडवा येतो, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही असेही दिसून येते.

प्रथम ही नियतकालिके कशी जन्मास आली ते पाहू. १६६५ साली लंडनात रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी शास्त्रीय विषयांचे एक नियतकालिक सुरू केले. त्याच्या मुळाशी एक साधा पण दूरदर्शी करार होता. शोधकाने आपले गुपित जगापुढे मांडावे, आणि त्याच्या मोबदल्यात जगाने 'हा शोध प्रथम याचा' असा मान त्यास द्यावा. झाकून ठेवण्याने जे मिळत होते त्याहून अधिक, सांगून टाकण्याने मिळू लागले. मनुष्याची कीर्तीची हाव नाहीशी न करता तिला लोकहिताच्या कामी जुंपणारी याहून चांगली युक्ती क्वचितच कोणास सुचली असेल.

वैद्यकाच्या क्षेत्रात ही युक्ती रुजण्यास भांडण करावे लागले. १८२३ साली टॉमस वॅकली नावाच्या तरुण शस्त्रवैद्याने 'लॅन्सेट' हे साप्ताहिक काढले. त्या काळी लंडनच्या मोठ्या रुग्णालयांतील नामांकित शस्त्रवैद्य भारी शुल्क घेऊन व्याख्याने देत. ज्यास शुल्क झेपेल त्याने ऐकावे, इतरांनी अज्ञानात राहून रोग्यांवर हात चालवावा, अशी स्थिती होती. वॅकलीने ती व्याख्याने आपल्या पत्रात छापण्यास आरंभ केला. खेड्यातील वैद्यास काही पेन्यांत राजधानीतील विद्या मिळू लागली. अ‍ॅस्टली कूपर यांनी हरकत घेतली. अ‍ॅबरनेथी यांनी तर न्यायालयात धाव घेतली. व्याख्यान हे माझे धन आहे आणि माझ्या संमतीवाचून ते छापणे म्हणजे ते हिरावून घेणे आहे, असा त्यांचा दावा होता. दावा अगदीच पोकळ नव्हता. परंतु काळाने कौल दिला तो वॅकलीच्या बाजूने. कुलूप फोडून जन्मलेले ते साप्ताहिक १९९१ साली एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे झाले, आणि आज त्यातील पुष्कळ निबंध पैसे भरल्यावाचून उघडत नाहीत. वॅकली आज हयात असता तर कोणत्या बाजूस उभा राहता, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या देशात 'इंडियन मेडिकल गॅझेट' हे मासिक कलकत्त्यास १८६६ साली निघाले. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' १९१३ साली सुरू झाले. आणि मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील व केईएम रुग्णालयातील अध्यापकांनी १९५५ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे त्रैमासिक काढले. या शेवटच्या पत्राकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

प्रकाशकाचे काम म्हणजे हस्तलिखित घेऊन छापखान्यात देणे, असा पुष्कळांचा समज असतो. वैद्यकीय पत्राचे काम याहून फार जोखमीचे आहे. निबंध आला म्हणजे संपादक तो स्वतः वाचतो, आणि बरेच निबंध याच पायरीवर परत जातात. उरलेले त्या त्या विषयातील दोन-तीन जाणत्यांकडे, पुष्कळदा लेखकाचे नाव झाकून, परीक्षणासाठी धाडले जातात. रोगी किती होते, त्यांची निवड कशी केली, औषध न दिलेल्यांशी तुलना केली की नाही, रोग्यांची संमती होती की नाही, आकडेमोड बिनचूक आहे की नाही, असे प्रश्न हे परीक्षक विचारतात. लेखकास उत्तरे द्यावी लागतात, कधी सारा निबंध नव्याने लिहावा लागतो. मग मुद्रिते तपासावयाची. कथाकादंबरीत एखादी मात्रा गळाली तर वाचक ओठ मुरडून पुढे जातो. औषधाच्या प्रमाणातील दशांशचिन्ह एक घर सरकले तर रोग्याच्या पोटात दसपट औषध जाते. शिवाय निबंध छापून काम संपत नाही. तो शोधणाऱ्यास सापडला पाहिजे, म्हणून त्याची सूची हवी. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली जगातील वैद्यकीय निबंधांची सूची मासिकरूपाने काढण्यास प्रारंभ केला, आणि आजची 'पबमेड' ही सूची त्याच कुळातील आहे. शेवटी, निबंधात चूक निघाली तर ती जाहीरपणे दुरुस्त करणे, आणि निबंधच खोटा निघाला तर तो परत घेणे, हे कर्तव्यही प्रकाशकाच्या व संपादकाच्याच माथी असते.

एवढे श्रम फुकट होत नाहीत हे उघड आहे. परंतु श्रम कोण करतो आणि पैसा कोठे जातो, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. निबंध लिहिणाऱ्यास मानधन नाही. परीक्षण करणाऱ्यास बहुधा नाही. संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा. इतके सारे विनामूल्य हाती आल्यावर प्रकाशक ते बांधून पुन्हा सरकारी महाविद्यालयांच्याच ग्रंथालयांस विकतो. मोठ्या युरोपीय प्रकाशकांच्या या शाखेतील नफा शेकडा तीसहून अधिक असल्याचे त्यांच्याच वार्षिक अहवालांवरून दिसते. फुटकळ एक निबंध वाचावयाचा झाल्यास बहुधा तीस-चाळीस डॉलर, म्हणजे सुमारे तीन हजार रुपये, मोजावे लागतात.

ही गोष्ट केवळ हिशेबाची नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लाल विंचू महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत आढळतो. त्याच्या दंशाने, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, शरीरातील नसा अतिरेकाने चेतविल्या जातात, रक्तवाहिन्या आखडतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुफ्फुसांत पाणी साचून रोगी गुदमरतो. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०-८०च्या दशकात रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील सरकारी आरोग्यकेंद्रात काम करीत असता त्यांच्यापुढे असे रोगी एकामागून एक येऊ लागले. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांची टिपणे केली आणि १९८२ साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन हे औषध या दंशावर गुणकारी ठरते, असे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली त्याच साप्ताहिकात मांडले. पूर्वी विषबाधा गंभीर झालेल्या रोग्यांपैकी शंभरांत तीसच्या आसपास दगावत. प्राझोसिनच्या उपयोगानंतर हे प्रमाण शंभरांत एकाच्या घरात आले, असे त्यांच्या लेखनात नमूद आहे. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो असे दाखविले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

आता मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा डोळ्यांपुढे आणा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. परभणीपासून १९९९ साली वेगळा झालेला हा जिल्हा नामदेवांच्या नरसीचा म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. येथील एखाद्या खेड्यात रात्री विंचू चावलेले पोर उचलून बाप जवळच्या दवाखान्यात येतो. तेथील डॉक्टरास दंशावरील नवा निबंध पाहावयाचा आहे. ज्या विंचवाविषयी तो निबंध आहे तो याच मातीतला. ज्याने शोध लावला तो जालना जिल्ह्यात जन्मलेला. ज्या रोग्यांवरून तो लागला ते कोकणातील शेतकरी. तरीही तो वाचावयाचा तर परवानगी परदेशातील दुकानदाराची आणि मोल डॉलरात. सुदैवाने बावस्करांची शिकवण व्याख्यानांतून आणि पाठ्यपुस्तकांतून खेडोपाडी पोहोचली. परंतु जे ज्ञान तोंडोतोंडी पोहोचते त्यात मात्रा किती, केव्हा आणि कोणास देऊ नये, हा तपशील गळून जातो. रोग्याचे प्राण पुष्कळदा या तपशिलातच असतात.

या कोंडीतून वाट काढण्याचा एक प्रयत्न मुंबईतच झाला. डॉ. डी. के. साहू यांनी १९९७ साली 'मेडनो' ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. परळच्या ज्या त्रैमासिकाचा उल्लेख वर आला ते, आणि पुढे नेत्रवैद्य, त्वचारोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ इत्यादिकांच्या अखिल भारतीय मंडळांची पत्रे, या संस्थेने इंटरनेटवर आणली. तिने केलेली धिटाई ही की वाचकाकडून पैसा घ्यावयाचा नाही आणि लेखकाकडूनही घ्यावयाचा नाही. छापील अंकाची वर्गणी, जाहिराती आणि त्या त्या वैद्यकमंडळाचे साहाय्य यांवर गाडा हाकावयाचा. फुकट वाचावयास मिळाल्यावर वर्गणी कोण भरील, अशी शंका कोणासही येईल. अनुभव उलट आला. निबंध सर्व जगास दिसू लागल्यामुळे पत्रांची ओळख वाढली, परदेशांतून निबंध येऊ लागले, आणि छापील अंकाचे वर्गणीदार घटण्याऐवजी वाढल्याचे संस्थेने सांगितले. सर्वांस मोकळे असलेले ज्ञान मोल गमावीत नाही, हा धडा भारतातील एका लहानशा संस्थेने त्या वेळी मोठ्या प्रकाशकांसमोर ठेविला.

२०११ साली ही संस्था व्होल्टर्स क्लूवर या डच मूळ असलेल्या बलाढ्य कंपनीने विकत घेतली. पत्रे पुष्कळ वाढली. बहुतेक वाचकांस मोकळीही राहिली. परंतु त्यांपैकी अनेकांत लेखकाकडून शुल्क घेण्याची रीत आली. आम्ही यात कोणास दोष देऊ इच्छीत नाही. एका मनुष्याच्या उत्साहावर चाललेली संस्था कायमची तशीच चालेल, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण यावरून दिसते ते हे की वाचकाच्या दारचे कुलूप काढले म्हणजे प्रश्न सुटत नाही. खर्च उरतोच, आणि तो कोणी तरी सोसावा लागतो. वाचकाने नाही तर लेखकाने, लेखकाने नाही तर समाजाने.

लेखकाने सोसावा, हा मार्ग वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु त्यात एक मोठा धोका दडलेला आहे. वाचकाकडून पैसा घेणाऱ्यास वाचक जपावा लागतो. लेखकाकडून पैसा घेणाऱ्यास निबंध नाकारला की नुकसान होते. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या बढतीस छापलेले निबंध आवश्यक ठरले, तेव्हा हा धोका आपल्या देशात प्रत्यक्षात उतरला. पैसे भरा, चार दिवसांत निबंध छापून मिळेल, अशी दुकाने उघडली. हैदराबादच्या 'ओमिक्स' या संस्थेवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ साली फिर्याद केली. परीक्षणाविषयी खोटी हमी देणे आणि शुल्क आधी न सांगणे असे आरोप होते, आणि २०१९ साली तेथील न्यायालयाने पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम केला. अशा पत्रातील निबंध वाचण्यास मात्र काही पडत नाही. वाचकास दार सताड उघडे आणि लेखकाच्या दारी पहारेकरीच नाही, अशी ही उलटी व्यवस्था होय. सेनगावच्या आमच्या डॉक्टरास खरा निबंध तीन हजारांस आणि खोटा निबंध फुकट मिळू लागला, तर त्याच्या रोग्याचे काय होईल?

पहारा म्हणजे काय आणि तो कशासाठी, हे समजण्यास हिंगोली ज्या निजामी राज्यात त्या काळी मोडत होते, त्याच राज्यातील दोन घटना उपयोगी पडतील. रोग्यास बेशुद्ध करण्यासाठी क्लोरोफॉर्म देताना मृत्यू ओढवतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, असा वाद गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जोरात होता. हैदराबादचे शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी यांचे मत श्वासाच्या बाजूचे. निजाम सरकारने खर्चासाठी एक हजार पौंड दिले, 'लॅन्सेट'ने लॉडर ब्रन्टन यांस १८८९ साली हैदराबादेस पाठविले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि १८९० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात लॉरींचेच म्हणणे खरे ठरले. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असता हृदय अकस्मात बंद पडू शकते. राजाश्रय, कीर्तिमान साप्ताहिक, नामांकित परीक्षक, सारे असूनही तो अहवाल अपुरा ठरला. उलट, त्याच राज्यातील सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांस १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि ते काळाच्या कसोटीस उतरले. दोन्ही गोष्टी छापल्या गेल्या होत्या. छापले जाणे हा खरेपणाचा दाखला नव्हे. परंतु दोन्ही उघड्यावर मांडल्या होत्या, म्हणूनच एक पडताळता आली आणि दुसरी सुधारता आली. काविळीच्या त्या मुळीच्या नशिबी मात्र पडताळणीही आली नाही आणि दुरुस्तीही नाही.

पहारा ढिला पडला तर प्रतिष्ठित पत्राच्या हातूनही अनर्थ होतो. गोवर-गालगुंडाच्या लसीचा संबंध मुलांतील स्वमग्नतेशी सुचविणारा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध 'लॅन्सेट'ने १९९८ साली छापला, आणि तो पूर्णतः मागे घेण्यास २०१० साल उजाडले. दरम्यान इंग्लंडातील कित्येक आईबापांनी मुलांस लस देणे टाळले आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले. वैद्यकीय प्रकाशकाने उघडलेल्या दाराची जबाबदारी किती मोठी असते, हे यावरून ध्यानात यावे. त्याचा माल अन्नासारखा आहे. तो शिळा वा विषारी असेल तर खाणाऱ्याचा जीव जातो.

येथे एक आक्षेप ऐकून घेणे आम्हास भाग आहे. तुम्ही स्वतः ज्या मासिकात हे लिहिता त्याची वर्गणी तुम्ही घेताच ना, मग दुसऱ्यास कोणत्या तोंडाने सांगता, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. परंतु आमचा निबंध एखाद्याच्या वाचनात आला नाही, तर त्याची संध्याकाळ दुसऱ्या कशात तरी सुखाने जाईल, कोणी मरणार नाही. सर्वच ज्ञान विनामूल्य असावे असे आमचे म्हणणे नाही. लेखकाचे, मुद्रकाचे, संपादकाचे पोट आहे, आणि ते भरले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की श्रमाचे मोल घेणे वेगळे आणि गरजवंताच्या वाटेत आडवे पडणे वेगळे. वैद्य आपल्या वेळेचे पैसे घेतो, त्यात कोणी अधर्म मानीत नाही. पण दारात तडफडणाऱ्या रोग्यास पैशावाचून परत धाडणाऱ्या वैद्यास आपण दोष देतो. वैद्यकाचे छापील पान उपचाराचेच एक साधन असल्यामुळे त्याच्या प्रकाशकाच्या गळ्यात वैद्याच्या धर्माचा काही अंश आपोआप पडतो. ज्यास तो नको असेल त्याने दुसरा माल छापावा.

दुसरा आक्षेप असा की अशी पाने सर्वांस उघडी केली तर अडाणी मनुष्य अर्धवट वाचून स्वतःवरच प्रयोग करील. ही भीती निराधार नाही. परंतु आज असा मनुष्य काही वाचत नाही असे थोडेच आहे? तो वाचतोच, फक्त तपासलेले कुलुपात असल्यामुळे न तपासलेले वाचतो. अर्धवट ज्ञानावर उपाय म्हणून पूर्ण ज्ञान लपविणे हा उपाय नव्हे. घराघरांतील शिकलेल्या मुलामुलींनी आजारी आजोबांच्या औषधाविषयी डॉक्टरास चार शहाणे प्रश्न विचारावेत, ही गोष्ट डॉक्टरासही हितकारकच ठरेल.

मग खर्च कोणी सोसावा? आपल्या समाजास या प्रश्नाचे एक जुने उत्तर ठाऊक आहे, ते पाणपोईचे. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेस कोणी पाणपोई घालतो तेव्हा माठ फुकट येत नाहीत, पाणी वाहणाऱ्यास मजुरी द्यावी लागते, माठ रोज घासावे लागतात. तरी तहानलेल्या वाटसरूकडून पैसा घेतला जात नाही. आणि कोणी गढूळ पाणी आणून माठात ओतू लागला तर त्यास हाकलले जाते. पाणी भरणाऱ्यावर नजर आणि पिणाऱ्यास मोकळीक, ही पाणपोईची रीत होय. मुंबईतून १९९३ सालापासून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हे वैद्यकनीतीचे पत्र वाचकाकडूनही शुल्क घेत नाही आणि लेखकाकडूनही घेत नाही. संस्थेच्या व हितचिंतकांच्या बळावर ते चालते. अशी पत्रे थोडी आहेत, पण आहेत, यावरून ही गोष्ट अशक्य नाही एवढे सिद्ध होते.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली आहेत. २००७ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या खर्चाने 'कॉक्रेन लायब्ररी' हा औषधोपचारांच्या पुराव्यांचा संग्रह देशातील प्रत्येक रहिवाशास खुला करण्यात आला होता. त्यात महाविद्यालयाचा शिक्का विचारला जात नव्हता, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. पुढे २०२४ सालच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजार तीनशेच्या आसपास शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था, असा तिचा पसारा आहे. काम मोठे आहे आणि त्याचे अभिनंदन केले पाहिजे. परंतु तिची किल्ली संस्थेच्या हाती आहे, मनुष्याच्या नव्हे.

२०२४ सालच्या ऑक्टोबरात हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. ज्या जिल्ह्यातील मुलांस डॉक्टरकी शिकण्यासाठी आजवर औरंगाबाद, नांदेड गाठावे लागे, त्या जिल्ह्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. अशा शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यास विद्यार्थिदशेत जगातील उत्तमोत्तम पत्रे वाचावयास मिळू शकतील. पुढे तीच मुलगी पदवी घेऊन कळमनुरीस किंवा औंढ्यास स्वतःचा दवाखाना थाटील, आणि त्या दिवसापासून ते दार तिला बंद होईल. परीक्षेसाठी वाचावयाचे होते तोवर मोकळे, आणि खरा रोगी समोर आला की बंद! वाचनाची गरज नेमकी जेव्हा सर्वांत अधिक, तेव्हाच किल्ली काढून घेण्याची ही रीत कोणत्या न्यायात बसते, हे आम्हास समजत नाही. या योजनेचा पुढील करार करताना सरकारने निदान नोंदणीकृत डॉक्टरांस, परिचारिकांस आणि आरोग्यकेंद्रांतील सेवकांस तिच्यात घ्यावे. आणि सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन सार्वजनिकच राहील अशी अट घालावी. प्रकाशकास त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, ते भरपूरही मिळावे. परंतु त्याने पहारा बसवावयाचा तो निबंध आत येतो त्या दारावर.

काविळीची मुळी देणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. तो लोभी नव्हता. सांगितल्याने गुण जातो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि ती चुकीची होती. आज ज्यांच्या हाती सूची आहेत, परीक्षक आहेत आणि क्षणात जगभर पान पोहोचविण्याची साधने आहेत, त्यांची समजूत तशी नाही. सांगितल्याने गुण वाढतो हे त्यांस पक्के ठाऊक आहे. ठाऊक असूनही जो न सांगेल, त्याचा जबाब त्या म्हाताऱ्याच्या जबाबाहून अधिक अवघड असणार.